उड्या आठवड्यातून किती दिवस? तेरा वर्षांच्या खेळाडूच्या आईला उत्तर

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईने विचारलंय. मुलगी १३ वर्षांची, आठवीत, शाळेच्या १४ वर्षांखालच्या बास्केटबॉल संघात. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी दीड तास प्रॅक्टिस. शिवाय मोबाइलवर बघून तिने ६० दिवसांत उडी वाढवायचा एक कार्यक्रम हाती घेतलाय: रोज ३०० उड्या, सोसायटीच्या पोडियमवर, रात्रीच्या जेवणाआधी. पाचव्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. आता आठवड्यातून किती दिवस उड्या मारायच्या, दुखतंय म्हणून सगळंच बंद करायचं का, आणि आजी म्हणतात तसं उड्यांनी पोरीची वाढ खुंटते का, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, आकडा आधी देते. आठवड्यातून दोन दिवस. दोन्हींच्या मध्ये निदान ४८ तास, जमलं तर ७२. सुरुवातीला एका वेळी ५० ते ६० उड्या, मग दर आठवड्याला थोड्या वाढवत आठ-दहा आठवड्यांत ९० ते १०० पर्यंत. तेरा-चौदाच्या मुलीला त्यापुढे नेण्याचं कारण मला कोच म्हणून वीसेक वर्षांत सापडलेलं नाही.

पण हा आकडा कोऱ्या पाटीवरचा आहे, आणि तुमच्या मुलीची पाटी कोरी नाही. ती रोज दीड तास बास्केटबॉल खेळतेय. एक लेअप, म्हणजे धावत बास्केटजवळ जाऊन चेंडू टाकणं, यात एका पायावरून उडी आणि खाली येणं आलंच. रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडायला, ती एकदा नाही, दोनदा-तीनदा उडते. उडी मारून चेंडू टाकायचा जंप शॉट आहेच. मी एकदा कडेला बसून एकाच मुलीवर नजर ठेवून खडूने रेघा मारत गेले. साधी प्रॅक्टिस होती, मॅचही नव्हती, तरी रेघा शंभराच्या वर गेल्या. त्यात शाळेत पीटीच्या तासाला शिक्षा म्हणून मिळालेल्या बेडूकउड्या धरा. रविवारी मैत्रिणींबरोबर नाचाची तालीम असेल तर तीही धरा. गुडघ्याला कळत नाही की ही उडी ट्रेनिंगची आणि ती शिक्षेची. म्हणून ‘किती दिवस’ विचारण्याआधी एक आठवडाभर एका वहीत सगळ्या उड्या अंदाजे मांडा. तुमच्याकडे त्या रोजच्या ३०० धरून आठवड्याला अडीच हजारांच्या आसपास भरतील. दुखण्याचं कारण शोधायला बहुतेक वेळा एमआरआय लागत नाही, ही वही पुरते.

आता मुळात उड्यांचा सराव करायचाच कशाला, ते सांगते. बहुतेक आयांना, आणि खरं सांगायचं तर बहुतेक कोचनाही, वाटतं की उडी उंच व्हावी म्हणून. बास्केट ३.०५ मीटरवर, मुलगी दीड मीटरची, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. मुलींच्या बाबतीत माझं पहिलं कारण मात्र खाली येण्याचं आहे.

बारा-तेराच्या आसपास मुलगी भराभर उंच होते. हाडं लांब होतात, वजन वाढतं, शरीराचा मध्यबिंदू वर सरकतो. मुलगे वयात येतात तेव्हा त्यांच्या स्नायूंची ताकदही झपाट्याने वाढते. मुलींमध्ये ती तेवढ्या वेगाने वाढत नाही. गाडी मोठी झाली, ब्रेक जुनेच राहिले, असं समजा. मग रिबाउंड घेऊन खाली येताना गुडघे एकमेकांकडे, आत वळतात, पाय ताठ राहतो, धड एका बाजूला जातं. गुडघ्याच्या आतला, हाडांना जोडून धरणारा एसीएल नावाचा लिगामेंट असा तुटतो, आणि बहुतेक वेळा कुणी धक्काही दिलेला नसतो. उडी मारून उतरताना, झटकन थांबताना, दिशा बदलताना तो जातो. सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत कितीतरी जास्त; अभ्यासानुसार आकडा दुपटीपासून पुढे जातो. ऑपरेशन झालं तर परत कोर्टवर यायला नऊ महिने ते वर्ष. नववी-दहावीत असं वर्ष गेलं की बऱ्याच मुली परत येतच नाहीत. मी अशा तीन मुली पाहिल्यात.

१९९९ साली अमेरिकेत सिनसिनाटीच्या मंडळींचा एक अभ्यास आला. शाळांमधले फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलचे १२६३ खेळाडू त्यात होते. काही मुलींना हंगामाआधी सहा आठवडे उड्यांचं आणि उतरण्याचं शिक्षण दिलं, काहींना दिलं नाही. न शिकलेल्या मुलींना गुडघ्याच्या गंभीर दुखापती शिकलेल्यांच्या ३.६ पट झाल्या. एकूण दुखापती मोजक्याच होत्या, त्यामुळे त्या ३.६ ला चिकटून बसू नका. पण त्यानंतर वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कामाची दिशा तीच आहे, आणि हे शिक्षण लहान वयात सुरू झालं तर फायदा जास्त, हेही दिसलंय. म्हणून दुखतंय म्हटल्यावर सगळंच कायमचं बंद करून टाकलंत तर ज्याने गुडघा वाचणार आहे तेच बंद होईल.

इथे माझी एक चूकही सांगूनच टाकते. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः नागपाड्याच्या खेळाडूंना बघून शिकलेली. मुंबईचा बास्केटबॉल म्हणजे नागपाडा, आणि तिथली पोरं जे करतील ते आपणही करायचं, एवढीच माझी अक्कल. उन्हाळी शिबिरात बाराच्या मुलींना बाकावरून सिमेंटवर उड्या मारायला लावायचे, रोज सकाळी, ‘अजून दहा’ म्हणत. तिसऱ्या आठवड्यात दोघींच्या नडग्या दुखायला लागल्या, एक तर जिना उतरताना रडायची. तिच्या बाबांनी मला विचारलं, ‘मॅडम, हे कशासाठी करून घेताय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मी पुढची दोन वर्षं घालवली.

जे सापडलं त्यातला एक भाग असा. उंचावरून खाली उडी टाकून लगेच वर उसळायचं, हा प्रकार सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात पुढे आणला. उंची पाऊण मीटर आणि त्याहूनही जास्त. पण ते सगळं वर्षानुवर्षं वजनं उचलून तयार झालेल्या प्रौढ ॲथलीटसाठी होतं, आणि तेही वर्षातल्या ठराविक काळात, मोजून. आज मोबाइलवर तीस सेकंदांत दिसतं ते त्याचंच पिलू, फक्त ‘कुणासाठी’ आणि ‘केव्हा’ गळून पडलेलं. दुसऱ्या टोकाला एक जुना नियमही ऐकायला मिळतो, की आपल्या वजनाच्या दीडपट वजन घेऊन बैठक मारता आल्याशिवाय उड्यांचा सराव करूच नये. मुलांच्या हलक्या उड्यांना हा नियम लावण्यात अर्थ नाही. तसं असतं तर लंगडी कुणी खेळलीच नसती.

लंगडी हे मी मुद्दाम म्हणतेय. एका पायावर तोल, दिशा बदलणं, पुढच्या क्षणी कुठे जायचं ते आधी ठाऊक नसणं, असा सराव कुठल्या महागड्या अकादमीत मिळतो? दोरीवरच्या उड्या, ठिक्कर, खो-खोतलं झटकन उठून पळणं, मंगळागौरीच्या खेळांमधल्या उड्या, आपल्या मुली पिढ्यान् पिढ्या प्लायोमेट्रिक्स, म्हणजे हाच उड्यांचा सराव, करत आल्या, नाव माहीत नव्हतं इतकंच. आता अंगणं गेली, पार्किंगमध्ये खेळलं की वॉचमन शिट्टी मारतो, आणि मुलगी थेट बाराव्या वर्षी कोर्टवर येते. माझ्याकडे नवीन आलेल्यांपैकी निम्म्या मुलींना सरळ रेषेत दहा लंगड्या नीट घालता येत नाहीत. त्यांना बॉक्सवर उडी मारायला लावणं हा शुद्ध आचरटपणा.

तुमच्या मुलीचं कसं करायचं ते बघू. आधी त्या रोजच्या ३०० उड्या आजपासून बंद. हळूहळू कमी करायच्या नाहीत, बंदच. दोन आठवडे फक्त प्रॅक्टिस, तीही कोचशी बोलून: लेअपच्या लांब रांगा कमी, शूटिंग आणि बॉल हँडलिंग जास्त. वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो उंचवटा असतो तो दाबल्यावर दुखतो का बघा. तिथेच दुखत असेल तर ऑसगुड-श्लॅटर असण्याची शक्यता बरीच आहे. मांडीचा मोठा स्नायू त्या उंचवट्यावर ओढत असतो, आणि वाढत्या वयात तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. मुलींमध्ये हे साधारण आठ ते तेरा वर्षांत दिसतं. नाव भीतिदायक आहे, दुखणं तसं नाही. भार कमी केला की बसतं, मात्र काही महिने डोकं वर काढत राहतं. तरी एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा, कारण मी गुडघा बघितलेला नाही. गुडघा सुजला असेल, अडकत असेल, ती लंगडत असेल, रात्री झोपेत दुखत असेल, किंवा उतरताना ‘टक्’ असा आवाज येऊन काही तासांत सूज आली असेल, तर फिजिओकडेही न थांबता सरळ ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे.

दुखण्याला मी मुलींना शून्य ते दहा असे गुण द्यायला सांगते. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी गेलेलं असेल, तर खेळत राहा. तीनच्या वर गेलं किंवा सकाळी जिना उतरताना जाणवलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं. मुली हे गुण प्रामाणिकपणे देतात, फक्त संघनिवडीच्या आठवड्यात सगळ्यांचं शून्य असतं.

दोन आठवड्यांनी सुरुवात उतरण्यापासून. जिन्याची सगळ्यात खालची एक पायरी पुरे. तिच्यावरून खाली उतरायचं, दोन्ही पायांवर, आणि तीन सेकंद पुतळ्यासारखं थांबायचं. कुल्ले मागे, जणू मागे स्टूल आहे. गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. आवाज येता कामा नये; खालच्या मजल्यावरच्या काकूंना कळलं तर ती उडी बाद. पाच वेळा, मग अर्धा-एक मिनिट थांबा, परत पाच. पहिले दोन-तीन आठवडे हेच, जोडीला जागच्या जागी उडी आणि थांबणं, पुढे उडी आणि थांबणं, बाजूला उडी आणि थांबणं. मुलीला कंटाळा येईल. येऊ दे.

ते सुधारलं की मग न थांबता सलग दोन-तीन उड्या, दोरी, छोट्या लंगड्या. एका पायावर उडून त्याच पायावर उतरणं त्यानंतर. एका पायावर उतरताना शरीराच्या वजनाच्या तीन-चार पट भार सहज येतो, म्हणून तो प्रकार मोजून, एका पायाला दहा-बारा. बॉक्सवर चढायची उडी करायला हरकत नाही, कारण वर गेल्यावर उतरण्याचा मार कमी असतो. पण खाली पायरीसारखं पाऊल टाकून यायचं, उडी टाकून नाही. उंचावरून पडून उसळण्याचा प्रकार सोळाच्या आधी मी कुणालाच देत नाही, आणि सोळानंतरही प्रत्येकीला नाही.

दिवस कोणते? तुमच्याकडे पाच दिवस प्रॅक्टिस आहे, म्हणून सोमवार आणि गुरुवार. वेगळ्या वेळी अजिबात नाही, प्रॅक्टिसमध्येच, वॉर्म-अप झाल्या झाल्या, पाय ताजे असताना. शेवटी दमल्यावर ‘आता उड्या’ ही आपल्याकडची लाडकी पद्धत आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो. दमलेला पाय चुकीचं उतरणं पाठ करतो. त्या दोन दिवशी लेअपच्या रांगा कोचना कमी करायला सांगा, म्हणजे एकूण बेरीज हाताबाहेर जात नाही. त्याच दिवशी ताकदीचे चार व्यायाम: बैठका, एका पायावरची बैठक, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, आणि मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यांवर बसून, मैत्रिणीने घोटे धरून, हळूहळू पुढे झुकणं. ताकद नसेल तर उड्या शिकवून फार काही हाती लागत नाही.

डीएसओच्या, म्हणजे जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या, शालेय स्पर्धा सुरू झाल्या की गणित बदलतं. ज्या आठवड्यात दोन-तीन मॅच आहेत त्या आठवड्यात एकच दिवस, २५-३० उड्या, त्याही फक्त आठवण ठेवण्यापुरत्या. मॅचच्या आदल्या दिवशी काही नाही. युनिट टेस्टमुळे दोन आठवडे सुटले तर सुटू द्या. कमावलेलं एवढ्यात जात नाही. परत येताना मात्र निम्म्यापासून सुरू करायचं. आणि अंग गरम करण्यापुरतं हलकं उतरणं आणि तोल, दहा मिनिटं, हे दर प्रॅक्टिसला चालतं. त्याला मी ‘ट्रेनिंग’मध्ये मोजत नाही.

जमिनीबद्दल. आपल्याकडे लाकडी कोर्ट किती मुलींच्या नशिबात असतं? शाळेत सिमेंट, सोसायटीत पोडियमच्या स्लॅबवर रंगाचा पातळ थर, नाहीतर पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉकवर उड्या नकोच. एखादा ब्लॉक हलतोच आणि घोटा मुरगळतो. पावसाळ्यात ओल्या पोडियमवर तर चालतानाही जपा. स्लॅबवर करायचं असेल तर उड्यांची संख्या कमी धरा आणि जिममध्ये टाकतात तसली जाड रबरी लादी मिळाली तर तिच्यावर करा. गादी किंवा फोम नको, त्यावर पाय डगमगतो. सकाळी बागेतल्या सपाट हिरवळीवर खड्डे नसले तर उत्तम. बुटांवर हजारो रुपये घालण्याआधी जुन्याचे तळवे उलटे करून बघा, ते गुळगुळीत झाले असतील तर मात्र बदला.

आजींच्या प्रश्नाला उत्तर: नाही, योग्य प्रमाणातल्या उड्यांनी वाढ खुंटत नाही. उलट वयात येण्याच्या आसपास उड्या मारणाऱ्या मुलींची हाडं जास्त मजबूत होतात, आणि आजींच्या वयाला पोचल्यावर हाडांची ती शिल्लक कामाला येते. त्यांना हे सांगून बघा, पटेल. पण याच्या उलटही नाही. ‘बास्केटबॉल खेळला की उंची वाढते’ म्हणून दर जूनमध्ये माझ्याकडे पाच-सहा मुली येतात. उंच मुली या खेळात टिकतात म्हणून खेळाडू उंच दिसतात, एवढंच ते आहे.

उंचीचा उपयोग मात्र वेगळा आहे. घरातल्या एका भिंतीवर दर महिन्याला पेन्सिलीने खूण करा. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरहून जास्त वाढ दिसली तर ती सध्या झपाट्याने वाढतेय. या काळात हात-पाय स्वतःचेच वाटत नाहीत, काल जमणारा लेअप आज हुकतो, आणि दुखणी याच काळात उगवतात. तेव्हा उड्यांची संख्या तिसऱ्या हिश्श्याने कमी करा आणि उतरणं-तोल यांवर जास्त वेळ घाला. मुलीला हे कारण सांगा, नाहीतर तिला वाटतं आपलं कौशल्यच गेलं.

आणखी एक, जे मुली कोचला सांगत नाहीत आणि पुरुष कोच असेल तर मुळीच नाही. पाळी. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर ‘खेळामुळे असेल’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा जेवढी मेहनत तेवढं खाणं होत नसतं, आणि त्याचा फटका हाडांनाही बसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दमते, धाप लागते, मग कोच म्हणतो आळशी आहे. हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. प्रॅक्टिसला जाताना केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की, आल्यावर लगेच पोळी-भाजी, वरण, अंडं चालत असेल तर अंडं. तुमची मुलगी शाळेतून क्लासला, क्लासमधून प्रॅक्टिसला आणि मग रात्री पोडियमवर, हे वाचूनच मी दमले. तेराव्या वर्षी झोप आठ ते दहा तास लागते. त्या रात्रीच्या ३०० उड्यांनी तिची झोपच खाल्ली असणार.

उडी किती वाढेल? आठ-दहा आठवड्यांत थोडे सेंटीमीटर. भिंतीजवळ उभं राहून बोटाला खडू लावून एक खूण, मग उडून दुसरी, मधलं अंतर मोजा. महिन्यातून एकदाच. रोज मोजलं तर रोज जीव काढून उडते आणि आपण परत वहीच्या पहिल्या पानावर येतो.

मैत्रिणी अजून ३०० मारतायत आणि आपण मागे पडू, असं ती म्हणते असं तुम्ही लिहिलंय. तिला पुण्याच्या बास्केटबॉलपटू शिरीन लिमयेचे खेळतानाचे व्हिडिओ दाखवा. २०१७ साली बेंगळुरूला महिला आशिया कपच्या दुसऱ्या विभागात भारत जिंकला, त्या संघात ती होती, पुढे देशाची कर्णधार झाली. मुलीला सांगा, चेंडू बघू नकोस, ती रिबाउंड घेऊन खाली येते तेव्हा तिचे गुडघे बघ. मग मुलीचा स्वतःचा व्हिडिओ काढा, समोरून, मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर ठेवून, त्या एका पायरीवरून उतरतानाचा, स्लो मोशनमध्ये. तीन वेळा. गुडघे आत येतायत का ते तिलाच ठरवू द्या, आणि तो व्हिडिओ सोमवारी कोचना दाखवा. पहिल्या दिवशी बहुतेक कोच वैतागतात. दुसऱ्या आठवड्यात बाकीच्या मुलींचेही काढायला लागतात.